पोस्ट पाठवली, गेट पोचली

मागच्या पावसाळ्यात एका घाऊक व्यापाऱ्याच्या ऑर्डरी पायथन स्क्रिप्टने त्याच्या सर्व्हरवर टाकायचं काम माझ्याकडे होतं. स्क्रिप्ट दर वेळी २००, म्हणजे 'सगळं ठीक' हा कोड, दाखवायची आणि तिकडे एकही ऑर्डर उतरायची नाही. दोन दिवस मी त्यांच्या डेटाबेसला शिव्या घातल्या. चूक माझीच होती. पत्त्यात एचटीटीपीपुढचा एस राहिला होता.

सर्व्हर ३०१, म्हणजे 'पत्ता बदलला' हा कोड, देऊन एचटीटीपीएसकडे धाडत होता. यालाच रिडायरेक्ट म्हणतात. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी अशा वेळी न विचारता नव्या पत्त्यावर जाते, आणि ३०१ किंवा ३०२ आला की पोस्टचं (डेटा पाठवणारी विनंती) गेट (डेटा मागणारी विनंती) करून बॉडी, म्हणजे सोबतचा डेटा, टाकून देते. त्या पत्त्यावर गेट केलं की जुन्या ऑर्डरींची यादी मिळायची. म्हणून २००! ही ब्राउझरांची जुनी खोड आहे, आरएफसी ९११० या एचटीटीपीच्या प्रमाण दस्तऐवजानेही ती चालवून घेतली आहे. पोस्ट पोस्टच राहायला हवी असेल तर सर्व्हरने ३०७ किंवा ३०८ द्यायचा. ३०३ चा अर्थच मुळी 'आता गेट कर' असा.

तुमच्याकडे असं काही झालं तर आधी कर्ल, म्हणजे टर्मिनलमधून विनंती पाठवणारा प्रोग्राम, घ्या. तो सांगितल्याशिवाय रिडायरेक्टमागे जात नाही, हेच इथे कामाचं. डॅश आणि छोटा आय लावून हेडर, म्हणजे उत्तराच्या वरच्या माहितीच्या ओळी, बघा: पहिल्या ओळीत कोड, खाली लोकेशन. मग कॅपिटल एल लावून पुन्हा चालवा, म्हणजे तो रिडायरेक्टमागे जाईल. डेटा डॅश डी ने देत असाल तर एक्स लावून वर पोस्ट लिहू नका. एलबरोबर तो शब्द पुढच्या टप्प्यांवरही चिकटून राहतो आणि तुम्ही भलतंच काहीतरी तपासत बसता.

पायथनमध्ये मिळालेलं उत्तर आर मध्ये ठेवून आर.हिस्टरी छापा, शेजारी आर.रिक्वेस्ट.मेथड छापा. माझ्याकडे एक ३०१ आणि 'गेट' दिसलं, तिथेच प्रकरण उलगडलं.

आता माझ्या प्रत्येक पोस्टला अलाउ_रिडायरेक्ट्स=फॉल्स असतं, म्हणजे रिडायरेक्टमागे जायचंच नाही. पण वाईट कोडवर एरर फेकणाऱ्या रेज_फॉर_स्टेटसवर विसंबू नका, ते ४०० च्या खाली तोंड उघडत नाही. ३०० ते ३९९ मधला कोड आला की स्वतःच एरर फेका.

सर्व्हरला ओळख पटवणाऱ्या किल्लीचंही बघा. होस्ट बदलला की ऑथरायझेशन हेडर गळतो, पण एक्स-एपीआय-की सारखा घरचा हेडर नव्या होस्टकडे बिनदिक्कत जातो.

रिडायरेक्टच्या चक्रात अडकलात तर कर्ल ५० उड्यांनंतर थांबतो, रिक्वेस्ट्स ३० नंतर. कर्लच्या बाबतीत बहुतेक वेळा कुकी हरवलेली असते. डॅश बी पुढे रिकामी अवतरणं द्या, म्हणजे मधल्या कुकी तो धरून ठेवतो.

राहिलेल्या ऑर्डरी मी शनिवारी लॉगमधून काढून पुन्हा पाठवल्या. या वेळी २०१, म्हणजे 'नवी नोंद झाली', आला.