कॅबिनेट उघडल्यानंतर संगणकाचा आवाज गेला? या चुका टाळा

धूळ साफ करण्यासाठी किंवा नवी रॅम, नवे ग्राफिक्स कार्ड बसवण्यासाठी डेस्कटॉपची कॅबिनेट उघडली, काम उरकून ती पुन्हा बंद केली, संगणक व्यवस्थित सुरूही झाला, पण आवाज मात्र गेला, ही तक्रार नेहमीची आहे. अशा वेळी बहुतेक जण आधी ड्रायव्हरच्या, म्हणजे विंडोजला साउंडची चिप चालवता यावी यासाठीच्या सॉफ्टवेअरच्या, मागे लागतात आणि तो बदलूनही फरक पडला नाही, तर थेट विंडोज फॉरमॅट मारण्यापर्यंत मजल जाते. सकाळपर्यंत उत्तम चालणारा ड्रायव्हर पंख्यावरची धूळ झटकल्याने बिघडत नाही, हे त्या घाईत लक्षात येत नाही. म्हणून आवाज जाण्यापूर्वी आपला हात नेमका कुठे कुठे लागला होता, तिथूनच शोधाला सुरुवात करावी.

त्याआधी एक छोटी तपासणी करून घ्यावी. एखादे गाणे सुरू ठेवून कंट्रोल पॅनलमधील साउंडची खिडकी उघडावी आणि प्लेबॅकच्या यादीत प्रत्येक उपकरणासमोर दिसणारी उभी पट्टी पाहावी. पट्टी हिरवी होऊन वर-खाली होत असेल, तर विंडोज आवाज पाठवत आहे आणि तो पुढे कुठेतरी अडतो आहे किंवा भलत्याच ठिकाणी जातो आहे. मदरबोर्डच्या (सगळे भाग जिथे जोडले जातात त्या मुख्य सर्किट बोर्डच्या) साउंडचे नावच यादीत नसेल, तर प्रश्न वेगळा आहे. तिथे बायोसमधील (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरमधील) ऑडिओ कंट्रोलर बंद झालेला नाही ना, हे पाहावे लागते. बटणाच्या आकाराची बॅटरी काढल्याने बायोसची रचना मूळपदावर गेली असेल, तर ही शक्यता जरूर तपासावी.

सर्वांत सामान्य चूक अर्थातच मागच्या जॅकची असते. टेबलाखाली वाकून, अंदाजाने पिन खुपसली जाते आणि स्पीकरची पिन गुलाबी जॅकमध्ये जाते. हिरवा जॅक स्पीकरचा, गुलाबी माइकचा आणि निळा बाहेरून आवाज आत घेण्याचा, ही रंगांची पद्धत इंटेल आणि मायक्रोसॉफ्टच्या 1999 च्या मार्गदर्शिकेपासून रूढ आहे. काही मदरबोर्डवर मात्र सगळे जॅक काळेच असतात. तिथे टॉर्च लावून शेजारची बारीक चिन्हे वाचण्याला पर्याय नाही. स्पीकरचाच संशय असेल तर तो चालू ठेवून, आवाज अगदी कमी करून, मोकळ्या पिनेच्या टोकाला बोट लावावे. स्पीकरमधून घरघर ऐकू आली, तर तो शाबूत आहे.

नवे ग्राफिक्स कार्ड बसवले असेल, तर आवाज बहुधा हरवलेला नसतो, तो मॉनिटरकडे गेलेला असतो. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो आणि नवे उपकरण दिसताच विंडोज अनेकदा त्यालाच मुख्य मानते. मॉनिटरला स्पीकर नसले की तो आवाज कोणालाच ऐकू येत नाही. प्लेबॅकच्या यादीत मूळ स्पीकर निवडून ‘सेट डिफॉल्ट’ केले की काम संपते. त्यासाठी कार्ड काढण्याची गरज नसते.

खरी गुंतागुंत पुढच्या जॅकच्या वायरीत असते. कॅबिनेटच्या पुढच्या भागातील हेडफोन आणि माइकच्या जॅकची एक वायर मदरबोर्डच्या खालच्या कडेला, सहसा मागच्या कोपऱ्याजवळ, एका दुहेरी ओळीच्या पिनांवर बसते. तिथे दहापैकी नऊ पिना असतात आणि आठवी जागा रिकामी असते. यूएसबीच्या वायरीसाठी असलेला संच हुबेहूब तसाच दिसतो, पण त्यात नववी जागा रिकामी असते. वायरीच्या टोपणात (कनेक्टरमध्ये) त्या जागी छिद्र बुजवलेले असते, ते चुकीच्या ठिकाणी बसू नये म्हणूनच. तरीही जोर लावून ते बसवले जाते, पिना वाकतात, आणि ऑडिओची वायर यूएसबीच्या पिनांवर गेली तर जिथे मिलिव्होल्टमधल्या संकेताची अपेक्षा असते तिथे पाच व्होल्ट पोहोचतात. टोपण हलक्या दाबाने बसत नसेल, तर ती त्याची जागा नाही असे समजावे आणि मदरबोर्डवर छापलेली अक्षरे वाचावीत.

जुन्या कॅबिनेटच्या वायरीला कधी दोन टोपणे असतात. त्यांपैकी एसी सत्त्याण्णव (AC'97) हे 1997 च्या पद्धतीचे आणि एचडी ऑडिओ हे 2004 नंतरच्या पद्धतीचे असते. आजच्या मदरबोर्डवर एचडी ऑडिओचेच लावावे, कारण हेडफोन लावला आहे की नाही हे कळवणाऱ्या तारा पहिल्यात नसतात. हे कळवणेच अनेकदा घात करते. पुढच्या जॅकमध्ये ब्रशचा केस किंवा धुळीचा गोळा अडकला आणि आतली पट्टी दबून राहिली, तर हेडफोन लावलेला आहे अशी संगणकाची समजूत होते आणि मागचे स्पीकर मुके होतात. याची शहानिशा सोपी आहे: संगणक बंद करून, भिंतीवरचे बटण बंद करून ही वायर मदरबोर्डवरून काढावी आणि संगणक सुरू करावा. मागून आवाज आला, तर दोष पुढच्या जॅकचा आहे, मदरबोर्डचा नाही.

भिंतीवरचे बटण बंद करण्यावर भर देण्याचे कारण असे, की संगणक शट डाउन केल्यावरही पॉवर सप्लायमधून मदरबोर्डला थोडी वीज मिळतच राहते. त्या अवस्थेत वायर काढली-लावली की साउंडची चिप कधी कधी अडकून बसते. त्यावर उपाय म्हणजे मुख्य वायर काढून पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरणे, थोडे थांबणे आणि मग संगणक सुरू करणे. नुसते शट डाउन करून पुन्हा सुरू करणे पुरेसे नसते, कारण फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू व्हावी म्हणून असलेली सोय) चालू असेल तर विंडोज जुनीच स्थिती डिस्कवरून उचलते. रीस्टार्ट केले तर ती खरोखर नव्याने सुरू होते.

लॅपटॉपची गोष्ट निराळी आणि अधिक नाजूक आहे. स्पीकरची वायर केसासारखी बारीक असते आणि बॅटरी किंवा एसएसडी बदलताना ती ओढली जाते. काढायचीच असेल तर वायर न ओढता तिचे टोपण प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूच उचलावे. हेडफोनच्या पिनेचे टोक जॅकमध्ये तुटून राहिले, तर काडीला फेव्हिक्विक लावून ते ओढण्याचा प्रयोग करू नये, कारण गोंद आतल्या पट्ट्यांवर पसरला की जॅकच बदलावा लागतो.

एवढे करूनही शंका उरली, तर उबंटू या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा पेनड्राइव्ह लावून, काहीही इन्स्टॉल न करता त्यावर आवाज तपासावा. तिथेही तो आला नाही, तर विंडोज निर्दोष आहे. साउंडची चिप खरोखर जळाली असली, तरी केवळ तेवढ्यासाठी मदरबोर्ड बदलू नये. काही शे रुपयांत मिळणारे यूएसबी साउंड कार्ड त्या चिपवर अवलंबून नसते आणि लावताच चालू होते.