ड्रॅगसाठी गिअर झटपट टाकायचाय? आधी या चुका टाळा

संभाजीनगर-जालना पट्ट्यात गाडीवेड्या पोरांना तोटा नाही. शेंद्र्यात स्कोडा, वाळूजला बजाज, आणि गल्लोगल्ली गॅरेज. तरीही एक गैरसमज काही जात नाही: ज्याच्या हातात ताकद, त्याचा गिअर फास्ट. दुसऱ्यातून तिसरा टाकताना दांडी अशी हाणायची की शेजारी बसलेल्यानं दचकावं! प्रत्यक्षात हाणणाऱ्याचाच गिअर जास्त अडतो. वेळ खातात ते पाय. हात नंतर येतो.

हिशोब करून बघा. ड्रॅग म्हणजे सरळ रेषेतली छोटी शर्यत, बहुधा क्वार्टर माईलची, म्हणजे ४०२ मीटरची. साध्या पेट्रोल हॅचबॅकला एवढ्यात साधारण तीन वेळा गिअर बदलावा लागतो. शेवटी गाडी १२० च्या आसपास असेल तर ती सेकंदाला ३३ मीटर कापते. तिन्ही गिअरमध्ये मिळून अर्धा सेकंद जास्त गेला, तर तुम्ही १६ मीटर मागे राहिलात. चार स्विफ्ट एकामागे एक लावल्या तर तेवढी लांबी होते.

पाय एकामागून एक चालवणं

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतात: रेस सोडा, क्लच दाबा, गिअर टाका, क्लच सोडा, रेस द्या. शिकाऊ माणसासाठी ते बरोबरच आहे. पण ही पाच कामं सुटी-सुटी केली तर गिअर कधीच झटपट पडणार नाही. रेस सुटणं आणि क्लच दबणं एकाच क्षणी झालं पाहिजे. क्लच वर येणं आणि रेस परत लागणं, हेही तसंच. क्लच दाबण्याच्या जरासं आधी दांडीवर न्यूट्रलच्या दिशेनं बोटांचा हलका दाब ठेवा. पेडल दाबून क्लचनं इंजिन सोडलं की दांडी आपोआप निसटते, ओढावी लागत नाही.

हा दाब क्षणभराचाच. एरवी दिवसभर दांडीवर हात टेकवून गाडी चालवायची सवय असेल तर ती मोडा, त्यानं आतला शिफ्ट फोर्क, म्हणजे गिअर सरकवणारा काटा, विनाकारण घासतो.

क्लच कुठपर्यंत दाबायचा? बहुतेक गाड्यांमध्ये पेडल पार तळाला जायच्या आधीच तो इंजिन सोडतो. सपाट जागी, हँडब्रेक ओढून, पहिल्या गिअरमध्ये पेडल सावकाश वर आणत गाडी कुठे पकडते ते पायाला शिकवा. त्या जागेच्या थोडं खाली गेलं की पुरे. पण कमी दाबण्यापेक्षा जास्त दाबलेला बरा. कमी दाबला तर गिअरबॉक्स करकरून सांगतो, आणि प्रत्येक करकरीला सिंक्रो रिंगचं, म्हणजे गिअर जुळण्याआधी वेग सारखा करणाऱ्या कड्याचं, पितळ झिजतं. एक फालतू वाटणारी गोष्ट आधी तपासा: पेडलखालचं मॅट. बाजारातून आणलेलं जाड मॅट मूळ मॅटवर टाकलं की पेडल पूर्ण खाली जातच नाही, आणि माणूस गिअरबॉक्सला शिव्या देत बसतो. चपला घालूनही हे काम करू नका, पातळ तळव्याचे बूट घाला.

व्हिडिओ बघून हात वळवणं

परदेशातले व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांचा घोळ इथे होतो. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो आणि उजव्या हातानं गिअर टाकतो, आपण डाव्या हातानं. गिअरचा नकाशा मात्र तोच. म्हणजे पहिला-दुसरा त्यांच्या अंगाजवळ असतो, आपल्यापासून लांब. त्यांनी सांगितलेलं ‘अंगापासून दूर ढकला’ आपल्याकडे नेमकं उलटं पडतं.

आपल्यासाठी असं करा. पहिल्यातून दुसरा टाकताना तळहात गोळ्याच्या उजव्या बाजूला लावा, दांडी शेजारच्या सीटकडे दाबून धरत मागे ओढा. दुसऱ्यातून तिसरा हा सगळ्यात बदनाम गिअर. इथे मूठ आवळायचीच नाही. दांडीला मधल्या रांगेत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्याच्या रांगेत आणणारी स्प्रिंग आत असते. तुम्ही फक्त तळहात उघडा ठेवून पुढे ढकला, न्यूट्रल आलं की स्प्रिंग दांडी उजवीकडे सरकवते आणि ती तिसऱ्यात जाते. मूठ आवळून अंगाकडे खेचली तर दांडी पाचव्यात घुसते, गाडी मेल्यासारखी होते. डावीकडे धरून ठेवली तर ती पहिल्याच्या तोंडाशी जाऊन अडते. तिसऱ्यातून चौथा सरळ मागे, दोन-तीन बोटांनी.

चौथ्याच्या वेळी हात डावीकडे झुकला तर दांडी दुसऱ्यात जाते, आणि इथे पैशाचा खेळ होतो. समजा दुसऱ्याचं गिअर गुणोत्तर १.९ आणि तिसऱ्याचं १.३ आहे. तिसऱ्यात ६,००० आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला फेरे) असताना दुसरा पडून क्लचचं पेडल सोडलं, तर इंजिन जवळपास ८,७७० वर फेकलं जातं. इंजिनाचे फेरे हद्दीत ठेवणारा लिमिटर वाचवेल असं समजू नका. तो फक्त इंधन तोडतो, इथे तर चाकं इंजिनाला फिरवत असतात. व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाहीत, पिस्टनला धडकतात, आणि हेड उतरवावं लागतं. म्हणून हात चुकल्यासारखा वाटला तर क्लच सोडूच नका. दाबलेलाच ठेवा, ती धाव गेली म्हणा.

रेस न सोडता गिअर टाकायचं धाडस साध्या गाडीवर करू नका. ज्या गाड्यांवर ते दाखवतात त्यांचा क्लच आणि बऱ्याचदा अख्खा गिअरबॉक्सच वेगळा असतो.

प्रत्येक गिअर लाल रेषेपर्यंत ओढणं

आपल्याकडे जुन्या डिझेल स्विफ्ट भरपूर. तिच्या १.३ लिटर इंजिनाची ७५ पीएस ताकद ४,००० आरपीएमला मिळते, १९० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, तर २,००० लाच. पाच हजारांपर्यंत ओढून फक्त आवाज वाढतो. ४,००० च्या थोडं पुढे गेलं की टाका पुढचा. पेट्रोल स्विफ्टच्या जुन्या १.२ लिटर इंजिनाचं वेगळं, त्याची ताकद ६,००० ला आहे, तिथे लवकर गिअर टाकणं म्हणजे हातचं सोडणं. नियम एवढाच की गिअर पडल्यावर आरपीएम जिथे येतो तिथे ओढ असली पाहिजे.

सुरुवातीला चाकं जागेवर फिरवणारे आणि लांबलचक हाफ क्लच धरणारे, दोघंही हरतात. पहिला रबर जाळतो, दुसरा क्लच प्लेट. चाकं फिरता-फिरता उड्या मारायला लागली तर रेस लगेच सोडा, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा ड्राइव्हशाफ्ट, म्हणजे चाकाला ताकद पोचवणारा दांडा, तिथेच तुटतो.

रस्त्यावर सराव

समृद्धी महामार्ग मोकळा दिसतो म्हणून रात्री तिथे शर्यतीच्या जोड्या लावणाऱ्यांना काय म्हणावं! तिथे कारला कमाल १२० ची मर्यादा आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर पहिल्यांदा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. शर्यत बंद धावपट्टीवरच, परवानगीनं. लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा स्पर्धा झाल्या आहेत. देशातल्या मोटरस्पोर्टचा कारभार एफएमएससीआय बघते, लायसन्सची चौकशी तिथेच करा.

हाताचा सराव मात्र रोजच्या जालना-संभाजीनगर फेरीतही होतो. नेहमीच्या वेगात, नेहमीच्या आरपीएमवर, उघड्या तळहातानं दुसऱ्यातून तिसरा. इंजिन बंद करून घरासमोर दांडी हाणत बसू नका. आत काही फिरत नसलं की दाते एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, आणि तुम्ही जोर लावून फोर्क वाकवता.

हात बरोबर, तरी गिअर अडतोय?

मग गाडी तपासा, आणि क्रमानं तपासा. इंजिन आयडलिंगवर ठेवा, क्लच पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. करकरला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारा, क्लच असेल तर ऑइल आणि त्यातली हवा बघा. हे ऑइल हवेतला ओलावा पितं आणि मग कमी तापमानाला उकळतं. मे महिन्यात परभणीत पारा ४३ च्या पुढे असताना दोन-चार धावांनंतर पेडल पोचट लागलं, तर आधी संशय त्याच्यावरच घ्यायचा. दोन वर्षांनी ते बदलत चला.

सगळे गिअर गुळगुळीत आणि एकटा तिसराच खरखरतो, तर तिसऱ्याचा सिंक्रो गेलाय. गिअर ऑइल बदलून थोडे दिवस निघतील, पण बॉक्स उघडावा लागणार. ऑइल टाकताना गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच टाका. जीएल-४ दर्जाचं गिअर ऑइल सांगितलं असताना ‘जास्त भारी’ म्हणून जीएल-५ टाकणारे मिस्त्री अजून आहेत. जीएल-५ फार निसरडं असतं, सिंक्रोला पकड मिळत नाही आणि गिअर उलट सावकाश पडतो.

चौथ्यात ४० च्या वेगानं रेस पूर्ण दाबल्यावर आरपीएम उसळतो पण गाडी उठत नाही? प्लेट घसरतेय. उघडल्यावर फ्लायव्हीलवर निळे डाग आणि प्लेटचे रिव्हेट वर आलेले दिसतील. अशा वेळी नुसती प्लेट घालून पैसे वाचवू नका, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही त्याच खेपेला बदला.

आणि रेस दिली-सोडली की दांडी हातात पुढे-मागे हलत असेल, तर दोष इंजिन माउंटचा, म्हणजे इंजिन धरून ठेवणाऱ्या रबरी आधाराचा. इंजिन डोललं की केबल ओढली जाते आणि तिसऱ्याची जागा बोटभर सरकते. बोनेट उघडा, हँडब्रेक ओढून कुणाला तरी न्यूट्रलमध्ये दोनदा रेस द्यायला सांगा, आणि इंजिन किती उचलतंय ते लांबून बघा.