पाठ केलेली ओपनिंग मोडल्यावर स्पर्धेतला डाव कसा सांभाळावा

नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांसाठी ओळखल्या जाणाऱ्या सांगलीत समोर बसलेला दहा वर्षांचा मुलगाही तयारी करून आलेला असतो, हे धरूनच पटावर बसावे.

पांढऱ्या मोहऱ्यांसाठी एकच ओपनिंग, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, निवडावी. माझी इटालियन नावाची आहे: ई४, ई५, घोडा एफ३, घोडा सी६, उंट सी४ (अक्षर-आकडा म्हणजे पटावरचे घर, नुसते घर लिहिले की चाल प्याद्याची; चाली पांढरा-काळा अशा आळीपाळीने). यापुढच्या पंधरा चाली पाठ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, आणि तो मला अजिबात मान्य नाही, कारण प्रतिस्पर्ध्याने तेच पाठांतर केलेले असेल याची हमी कोणी देत नाही. पाच-सहा चाली आणि त्या प्रत्येकीमागचे कारण एवढे पुरते.

खरी परीक्षा असते ती अनोळखी चाल आल्यावर. सांगलीतल्याच एका उन्हाळी स्पर्धेत काळ्याने तिसऱ्या चालीला घोडा सी६ वरून डी४ वर आणला. ई५ चे प्यादे उघडे पडलेले पाहून मी ते घोड्याने तत्काळ मारले. त्यावर काळ्याचा वजीर जी५ वर आला आणि माझा घोडा व जी२ चे प्यादे एकदम माऱ्यात सापडले. मी घोड्याने एफ७ वर मारून त्याचा वजीर आणि हत्ती दोघांवर झेप घेतल्याच्या आनंदात होतो. पण वजिराने जी२ घेतले, मी हत्ती एफ१ वर सरकवला, वजिराने ई४ घेऊन शह दिला, मी उंट ई२ वर आडवा घातला आणि काळ्याचा घोडा एफ३ वर येऊन सातव्या चालीला मात झाली. माझा राजा माझ्याच मोहऱ्यांत कोंडला गेला होता.

म्हणून अशा वेळी दोन्ही हात मांडीखाली ठेवावेत. मोहऱ्याला एकदा हात लागला की तेच खेळावे लागते. ही चाल कशावर मारा करते, तिने काय मोकळे सोडले आणि ते मी घेतल्यास त्याचा वजीर कुठे पोहोचतो, हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारावेत. मी तिसरा विचारलाच नव्हता. वरच्या डावात घोड्याने डी४ वरचा घोडा मारावा, प्याद्याने तो परत मारला की किल्लेकोट (राजा हत्तीच्या आडोशाला नेण्याची चाल) करावा. पांढरा निवांत पुढे राहतो. या विचारात पाच मिनिटे गेली तरी चालतील.

चाल आधी लिहून मग खेळण्याची जुनी शिकवण सोडून द्यावी, फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियमात ती बसत नाही.

डाव संपल्यावर, हरलात तरी, प्रतिस्पर्ध्याची ती चाल वहीत उतरवावी आणि तिचे उत्तर संगणकाला विचारण्यापूर्वी स्वतः शोधावे.