क्रेफिश पकडताना जाळी मागे धरा

मुलांना घेऊन ओढ्यात क्रेफिश (गोड्या पाण्यातला, नांग्या असलेला कोळंबीसारखा जीव) पकडायला उतरलात, तर जाळी त्याच्या तोंडासमोर नको, शेपटीमागे धरा. घाबरला की तो शेपूट आत मारून सुर्रकन मागेच पळतो, थेट जाळीत! दगड हळूच उचला आणि गढूळ पाणी निवळू द्या. मुलांना नेमका इथेच धीर धरवत नाही. तेवढ्यात दगडाची खालची बाजू दाखवा, वाळूचे कण चिकटवून घर करणारी अळी सापडेल. क्रेफिश नांग्यांच्या मागे, पाठीच्या कवचाला चिमटीत धरा. शेपटीखाली अंड्यांचा घोस दिसला, तर मादीला तिथेच सोडा. पकडायची परवानगी आणि स्थानिक नियम अर्थात आधीच पाहायचे. एका ओढ्यातला क्रेफिश दुसऱ्यात कधीच सोडू नका, रोग पसरतो. जाळी, बूटही पूर्ण वाळल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात नेऊ नका.