भूमध्य समुद्राच्या इतिहासातील चव आणि वास: पीएच.डी.चा आराखडा कसा बांधावा

‘भूमध्य समुद्राभोवतालचे अन्न आणि ज्ञानेंद्रिये’ एवढा अफाट विषय घेऊन मार्गदर्शकाकडे जाऊ नये. एकच पदार्थ निवडावा आणि त्याची चव किंवा वास कोणी, कोठे व कशासाठी नोंदवला, हा प्रश्न धरावा. उदाहरणादाखल रोमन लोकांचे गारुम, म्हणजे मासे मिठात मुरवून काढलेला द्रव, घेऊ.

प्रथम परस्परविरोधी साक्षी एकत्र वाचाव्यात. इसवी सनाच्या पहिल्याच शतकात रोमन ज्ञानसंग्राहक थोरला प्लिनी गारुमची गणना अत्यंत महागड्या द्रवांत करतो, तर तत्त्वज्ञ सेनेका त्याच किमती गारुमची सडक्या माशांचा स्राव म्हणून संभावना करतो. यावरून गारुमला दुर्गंधी येत होती की नाही, हे ठरवू पाहणे व्यर्थ आहे. सेनेकाचा राग चैनीवर आहे. ९६८ मध्ये पश्चिमेकडील सम्राट पहिल्या ऑटोचा दूत म्हणून बायझंटाइन (पूर्व रोमन) साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलला, गेलेला बिशप लिउटप्रांड तेथील मत्स्यद्रवाला आणि राळ घातलेल्या वाइनला नावे ठेवतो, तेव्हा त्यामागे विवाहसंबंधाची फसलेली बोलणी आणि मानापमान असतात. म्हणून प्रत्येक उताऱ्याशेजारी लेखकाचा दर्जा, त्याचा वाचक आणि हेतू टिपून ठेवावेत. माझ्या मते प्रबंधाचा कणा या टिपणांतूनच तयार होतो.

हे लेखक उच्चवर्गीय असल्यामुळे त्यांच्या शब्दांना वस्तूंची जोड द्यावी लागते. पॉम्पेई या रोमन शहरातील गारुमचा व्यापारी उंब्रिकियस स्कॉरस याने आपल्या घराच्या जमिनीवर गारुमच्या बरण्या जाहिरातवजा मजकुरासह मोझेकमध्ये जडवल्या होत्या. स्पेनमधील बाएलो क्लाउदिया येथे मासे खारवण्याचे हौद समुद्रकाठी, वस्तीतच आढळतात. आणि रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या इ.स. ३०१ च्या दरपत्रकात मत्स्यद्रवाचे दोन दर्जे दिसतात, म्हणजे तो केवळ श्रीमंतांचा पदार्थ नव्हता.

शक्य असल्यास प्रयोगही करावा. पुरेसे मीठ असेल तर मासा सडत नाही, त्याच्या आतड्यांतील विकरेच (एन्झाइम) मांस विरघळवतात. मिठाचे प्रमाण बदलून वासातील फरक नोंदवता येतो. मात्र या नोंदी आजच्या नाकाच्या असतात. सुक्या बोंबलाच्या वासात वाढलेला कोकणी संशोधक आणि शाकाहारी घरातील संशोधक त्या एकसारख्या करणार नाहीत, त्यामुळे आपली खाद्यपार्श्वभूमी पद्धतीच्या प्रकरणात स्पष्ट लिहावी.

लॅटिनचा अभ्यास प्रवेशापूर्वीच सुरू करावा. बायझंटाइन काळापर्यंत जायचे असल्यास ग्रीकही लागेल, आणि तो वेळ हाती नसेल तर कालखंड आखडता घ्यावा.