रिक्षाच्या सीटखालचं ताक

अकोल्यात मी बावीस वर्षं रिक्षा चालवतो. मे महिन्यात इथं पारा ४४-४५ ला सहज जातो. वरून टपाची धग, खालून इंजिनाची. तरी मी दिवसभर पाणी टाळायचो. सांगायला लाज वाटते, पण प्यायलं की जावं लागतं, आणि मागे सवारी बसलेली असताना जायचं कुठं? दुपारी स्टँडवर तांब्याभर पाणी घटाघटा ढोसलं की दिवस भागला असं वाटायचं.

चार वर्षांपूर्वी मुतखड्यानं गडाबडा लोळवलं. डॉक्टरांनी विचारलं, पाणी किती पिता? मी तीन लिटर ठोकून दिलं. ते म्हणाले, "प्यायलेलं घामात जातं. लघवी किती होते ते सांगा. दोन-अडीच लिटर व्हायला पाहिजे." तेव्हापासून मी तांबे मोजत नाही, रंग बघतो. फिकट असली तर ठीक. गर्द पिवळी दिसली की पुढची सवारी नंतर, आधी ताक.

दिवसाची सुरुवात आंबिलीनं. रात्री दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ अर्धी वाटी आंबट ताकात कालवून झाकून ठेवायचं. सकाळी अडीच पेले पाण्यात ठेचलेला लसूण, जिरं आणि मीठ घालून उकळी आणायची. मग एका हातानं पीठ ओतायचं, दुसऱ्यानं ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळी झालीच म्हणून समजा. सात-आठ मिनिटांत शिजते. गार झाल्यावर घट्ट होते, म्हणून हवी त्याहून पातळ असतानाच उतरवायची. मोठा पेला पिऊन निघालो की अकरापर्यंत पोटाला आधार असतो आणि पाणीही आपोआप पोटात गेलेलं असतं.

सीटखाली दीड लिटरची ताकाची बाटली. एक वाटी दही, चार वाट्या पाणी, मीठ, जिरेपूड. साखर नाही. बाटलीला ओलं गोणपाट गुंडाळतो आणि पाण्याच्या नळापाशी थांबलो की ते पुन्हा भिजवतो. गाडी चालताना वारा लागतो, गोणपाटातलं पाणी उडतं आणि ताक गार राहतं. माठाचंही तेच. बंद खोलीच्या कोपऱ्यात ठेवला तर गार होत नाही, त्याला वारा हवा. माठ साबणानं मात्र घासू नका, माती वास धरते. दर सवारीमागे चार घोट, हा माझा हिशोब. एकदम ढोसलं की पोट डुचमळतं आणि लगेच जावंही लागतं. थोडं थोडं घेतलं तर तेवढी घाई होत नाही. आणि रस्त्यातल्या कोणत्या पंपावर स्वच्छ सोय आहे, ते एव्हाना पाठ झालंय.

डब्यात दोन काकड्या ठरलेल्या. काकडीत शंभरातले पंचाण्णव भाग पाणीच. भाजी सुकी असली तर सोबत वरण किंवा कढी हवीच, हे बायकोला सांगावं लागत नाही. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही म्हणतात. मी तो खिशात न ठेवता भाकरीबरोबर खातो. चहाही पाण्यातच मोडतो, फक्त दिवसाला पाच कप झाले की साखर किती गेली ते बघा. गाडीवरच्या सरबतातला बर्फ मी घेत नाही. कुठल्या पाण्याचा आहे, कोण सांगणार?

फार घाम गेला, पायात गोळे आले, तर नुसतं पाणी नको. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून हळूहळू प्यायचं. चमचा चहाचाच घ्या, आणि मीठ मापाबाहेर नको. माणूस बरळायला लागला, अंग तापून कोरडं पडलं, तर त्याला सावलीत घेऊन अंगावर पाणी मारा आणि थेट दवाखाना गाठा. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास आहे, त्यांनी माझं काही ऐकू नये. पाणी आणि मीठ डॉक्टर सांगतील तेवढंच.

ताकाची बाटली त्याच दिवशी संध्याकाळी गरम पाण्यानं धुवा. एकदा मी ती रात्रभर सीटखाली विसरलो, तर पहिल्याच सवारीनं नाकाला पदर लावला आणि दुसरी रिक्षा बघितली.