शतावरी लावायची असेल तर यंदा गुंठाभरच लावा

वळवाच्या एक-दोन सरी पडून गेल्या की विचारणा सुरू होते. "भाऊ, शतावरी लावू का? रोपं विकणारे घरपोच देतायत, मालही तेच उचलणार म्हणतात." लावा, पण या मृगाला गुंठा-दोन गुंठेच लावा, आणि रोपं विकत न घेता बियांपासून घरी तयार करा.

शतावरीची लागवड अवघड नाही. ही आपल्याच डोंगरातली काटेरी वेल, औषधासाठी विकल्या जातात त्या तिच्या मुळ्या. पावसाळ्याच्या तोंडाला तिचे कोवळे कोंब रानभाजी म्हणून आपण खातोच. खरी परीक्षा दीड-दोन वर्षांनी असते. मुळ्या काढायच्या, धुवायच्या, उकळत्या पाण्यातून थोडा वेळ काढायच्या, वरची साल सोलायची, मधली शीर ओढून काढायची आणि मग वाळवायच्या. हे सगळं मुळ्या ताज्या असतानाच उरकावं लागतं. चार दिवस ढीग पडून राहिला तर साल चिकटते आणि खालच्या मुळ्यांना बुरशी धरते. मी पहिल्या खेपेला अर्धा एकर एकदम खणला. सोलायला बायका मिळेनात आणि बराच माल डोळ्यांदेखत काळा पडला. शिवाय दहा किलो ओल्या मुळीतून वाळलेला माल जेमतेम किलो-दीड किलो हाती येतो. म्हणून कुणी ओल्या मुळीच्या वजनावर हिशेब मांडून दाखवत असेल, तर दर ओल्याचा की वाळलेल्याचा, हे आधी विचारा.

आता बियांचं. वेलीवरची फळं आधी हिरवी, मग लाल आणि शेवटी काळपट होतात. काळपट झालेली फळं चोळून काढलेलं यंदाचंच बी घ्या, जुनं बी फार कमी उगवतं. कवच टणक असतं, म्हणून रात्रभर कोमट पाण्यात भिजत घाला. गादीवाफ्यावर माती आणि चाळलेलं शेणखत मिसळून बोटाच्या अर्ध्या पेरावर बी टाका, वरून गवताचं पातळ आच्छादन करा आणि झारीने पाणी द्या. उगवण संथ असते. पहिले तीन आठवडे वाफा मोकळा दिसला तरी उकरून बघू नका. त्यानंतरही महिनाभर मागेपुढे कोंब येत राहतात, आणि निम्मं बी उगवलं तरी समाधान माना.

रोपं दीड-दोन महिन्यांची झाली की पाऊस स्थिरावलेला असतानाच लावणी करा. दोन-दोन फुटांवर लावली तर गुंठ्याला सुमारे २७० रोपं बसतात, एकरी ११ हजारांच्या आसपास. रोपांमागे कुणी मोठी रक्कम सांगितली, तर या आकड्याने गुणून बघा. सगळा धंदा रोपविक्रीतच आहे का, ते लगेच कळतं. सफेद मुसळी या दुसऱ्या औषधी पिकाच्या वेळी आपल्याकडे अनेकांचे हात असेच पोळले होते.

जमीन हलकी ते मध्यम, निचऱ्याची हवी. पाणी धरून ठेवणाऱ्या चिबड काळ्या रानात मुळ्या कुजतात आणि काढताना तुटतात. दुसरी जागाच नसेल तर उंच वरंब्यावर लावा. एकरी चार-पाच टन कुजलेलं शेणखत आधीच मातीत मिसळा. वेलीला आधार बांबूचा किंवा तुरीच्या काड्यांचा द्या. कापसाच्या भागात पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, वापरू नका, तिच्या बोंडांत गुलाबी बोंडअळी राहते. आंब्याच्या बागेत विरळ सावलीतही शतावरी चांगली वाढते.

तणासाठी मात्र तणनाशक नको. खुरपणी करा, मातीची भर लावा. अंगावरचं दूध वाढावं म्हणून बाळंतिणीला जो शतावरी कल्प देतात, तो याच मुळीचा. ओल्या बाळंतिणीच्या पोटात आणि तिच्या दुधातून तान्ह्या लेकराकडे जाणारी वस्तू आपण पिकवतोय. चांगले औषध उत्पादक मालात कीडनाशकांचे अंश आणि जड धातू तपासून घेतात, पण त्यांनी तपासलं नाही तरी आपण स्वच्छच पिकवायला हवं. घरच्या बाळंतिणीलाही वैद्याला विचारल्याशिवाय शेतातली मुळी उगाळून देऊ नका.

लावणी झाली की ई-पीक पाहणीत शतावरीची नोंद करून सातबाऱ्यावर आणा. जंगलातून शतावरी मुळासकट उपटून नेण्याचे प्रकार चालतात, त्यामुळे माल शेतातलाच आहे हा पुरावा विकताना हाताशी असावा. खात्रीची माहिती हवी असेल तर राहुरी किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींचं काम पाहणाऱ्यांना गाठा. अकोल्याचं नागार्जुन वनौषधी उद्यान बघून आलात तरी पुष्कळ शंका मिटतील. खरेदीचा करार करायचा असेल तर ओलं की वाळलं, सोललेलं की सालीसकट, दर कसा ठरणार आणि माल नाकारला तर खर्च कुणाचा, हे सगळं कागदावर घ्या. तोंडी शब्दावर दोन वर्षं रान अडकवू नका.

ज्यांची शतावरी आधीच दोन वर्षांची झाली आहे, त्यांनी आता पाऊस तोंडावर असताना खणायची घाई करू नये. ढगाळ हवेत मुळ्या वाळत नाहीत. दिवाळीनंतर वेल पिवळी पडायला लागली की आदल्या दिवशी हलकं पाणी द्या आणि कुदळीने बाजूने माती मोकळी करत काढा. अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि हातमोजे हवेतच, काटे फार लागतात. सोलायला जेवढी माणसं मिळतील तेवढीच झाडं त्या दिवशी खणा. मुळ्या तोडून घेतल्यावर डोळे असलेला गड्डा फेकू नका, सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा. पुढच्या लावणीला तोच उपयोगी पडतो.